सैतानाचा पूर्वेतिहास

मराठीतील 'सैतान' हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आला. हिब्रू भाषेत त्याच मूळच्या 'सातान' या शब्दाचा अर्थ केवळ प्रतिपक्षी, आडवा येणारा. जुन्या करारात बलामाची वाट अडविणाऱ्या देवदूतालाही तोच शब्द लावलेला आहे. ईयोबाच्या ग्रंथातील सातान तर ईश्वराच्या दरबारी हजर असतो आणि अनुज्ञेवाचून ईयोबाला बोटही लावीत नाही. त्याचे काम वैऱ्याचे नव्हे, सरकारी वकिलाचे.

मग हा दरबारी वैरी कसा झाला? दावीद राजाने इस्राएलाची शिरगणती केली आणि देशात मरी पसरली. शिरगणती हे आज निरुपद्रवी सरकारी काम. तेव्हा ते पाप ठरले. शमुवेलाच्या ग्रंथात दाविदाला ही प्रेरणा देतो तो कोपलेला परमेश्वर. इतिहासाच्या ग्रंथात तीच कथा पुन्हा येते, तेव्हा प्रेरक असतो सैतान! हा दुसरा ग्रंथ इराणी अमलातला, म्हणजे इ. स. पू. ५३९ नंतरचा. पारशी धर्मातील अहरिमनाची छाया येथे पडली, असे अनेक पंडित मानतात. परंतु खरी निकड आतलीच असावी. ईश्वर एकच आणि तोही न्यायी, तर दुष्ट प्रेरणा कोणाची? तिला दुसरा धनी हवा होता.

नव्या करारात हा धनी जगावर अंमल गाजवू लागतो. कुराणातील इब्लीस आदमापुढे नमण्याचे नाकारतो. मात्र माणसाला बहकविण्याची मुदत तो मागून घेतो, ती ईश्वराकडूनच.