गाठीचे नेमके नाव कळायला हवे

मराठीत आपण ‘गाठ’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘गंटु’. शब्द दोन, धास्ती एकच. मांडीतली वा दंडातली गाठ बहुतेक वेळा साधी चरबीची निघते. पण जी वाढत जाते, खोलवर असते किंवा पाच सेंटिमीटरहून मोठी असते, ती तपासून घेतलीच पाहिजे.

स्नायू, चरबी अशा मऊ ऊतींच्या कर्करोगाला ‘सार्कोमा’ म्हणतात. त्याचे पन्नासहून अधिक प्रकार आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतले काही जुळ्या भावंडांसारखे दिसतात, उपचार मात्र वेगळे असतात.

अशा वेळी जनुकांची चाचणी उपयोगी पडते. काही सार्कोमांत दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटून त्यांची अदलाबदल होते. बांधणी करताना एका पुस्तकाची पाने दुसऱ्यात शिवली जावीत, तशी. युइंग सार्कोमात बहुधा ११ व २२ या गुणसूत्रांत हे घडते. त्यातून तयार होणारे जोडजनुक १९९२ मध्ये ओळखले गेले. सायनोव्हियल सार्कोमात एक्स व १८ यांत घडते. ‘फिश’ नावाच्या चाचणीत जनुकाच्या दोन बाजूंना लाल आणि हिरव्या रंगाच्या चमकत्या खुणा लावतात. जनुक अखंड असेल तर ठिपके एकत्र, पिवळसर दिसतात. तुटले असेल तर लाल-हिरवे दूर होतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात ही चाचणी होते. मात्र युइंगमध्ये तुटणारे जनुक इतर काही गाठींतही तुटते, म्हणून पॅथॉलॉजिस्ट सगळे अहवाल जुळवूनच निदान करतात.

आमच्या मावल्यातल्या एका आईने मला विचारले, “सर, मुलाचे जनुक तुटलेय म्हणतात. मग धाकटीच्या लग्नाचे काय?” मी म्हणालो, “ताई, ते गाठीच्या पेशींत तुटलेय, तुमच्या घराण्यात नाही.” वाचकहो, हा बिघाड त्या गाठीतच नंतर घडलेला असतो. तो आईबापांकडून येत नाही, भावंडांत जात नाही. सोयरिकीत त्याची चर्चा नको.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. बायोप्सीआधी गाठ घाईने कापून घेऊ नका. आणि बायोप्सीचा तुकडा ज्या मेणात जपतात, तो ‘ब्लॉक’ व काचपट्ट्या रुग्णालयाकडून मागून घ्या. नागपूर असो, हैदराबाद असो की मुंबई, पुढची तपासणी बहुधा त्याच ब्लॉकवर होते. अहवालाच्या कागदाइतकाच तोही जपा.