रिकाम्या गोलापाशी

फेब्रुवारी सरत आलाय. अकरा वाजलेत आणि व्हरांड्यावरचे पत्रे तडतडायला लागलेत. तालुक्याच्या गावातलं कनिष्ठ महाविद्यालय, पहिला मजला, टोकाची खोली. दाराबाहेर अकरावी सायन्सची मुलंमुली भिंतीच्या सावलीत रांग धरून उभी आहेत. हातात खाकी कव्हर घातलेली जर्नलं. आज गणिताची तोंडी परीक्षा आहे. धडे दोनच, लिमिट आणि कंटिन्युइटी.

रांग हलत नाही. पुढच्या मुलीचे डोळे मिटलेले, ओठ हलतायत. "साइन एक्स बाय एक्स, वन. टॅन एक्स बाय एक्स, वन. ई रेज टू एक्स मायनस वन बाय एक्स, तेही वन." तिच्या मागचा मुलगा सूत्रांच्या पानावर तळहात ठेवून आठवतोय, मग हळूच हात उचलून पाहतोय. एक वाजताची एसटी चुकेल म्हणून कुणी मागून पुढे सरकू बघतंय. तेवढ्यात दार उघडतं.

"काय विचारतायत रे?"

"गणितं देतच नाहीत. चित्र काढतायत."

रांगेत कुजबुज पसरते. चित्राची तयारी कुणीच केलेली नाही.

आत पंखा फिरतोय, उकाडा तसाच आहे. कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर डस्टर ठेवलंय. मॅडम चौघांना एकदम बसवतात. वर्षअखेरच्या १०० गुणांत ८० लेखी परीक्षेचे, २० प्रात्यक्षिकाचे. ही तोंडी त्या २० मधली. जर्नलवर सही होते आणि कोरा कागद पुढे येतो.

त्यावर पेन्सिलीची तिरकी रेघ. दोनच्या बरोबर वर, चारच्या उंचीवर, रेघेत एक पोकळ गोल. त्याच्या खाली, एकच्या उंचीवर, एकटा भरीव ठिपका.

"दोनपाशी लिमिट किती?"

"एक, मॅडम." मुलाचं बोट थेट भरीव ठिपक्यावर.

"बरं. आता बोट रेघेवर ठेव. एक पॉइंट नऊवर ये. एक पॉइंट नऊ नऊवर ये. उंची कुठं चाललीय?"

बोट सावकाश सरकतं. "चारकडं."

"आता उजवीकडून ये."

"चारकडंच." तो थांबतो. कपाळावर घाम. "पण मॅडम, तिथं तर काहीच नाही."

मॅडम उत्तर देत नाहीत. नुसत्या बघत राहतात. शेजारच्या तिघांच्याही माना कागदावर झुकतात. तिथं काही आहे की नाही हे लिमिट विचारतच नाही. जवळ येताना आपण कुठं निघालोय एवढंच विचारते. पुस्तकातल्या व्याख्येत हे असतंच. ते कळायला मात्र पोकळ गोलापर्यंत बोट न्यावं लागतं.

आता मघाच्या, डोळे मिटलेल्या मुलीची पाळी. कंटिन्युइटीच्या तीन अटी ती एका दमात म्हणते: त्या बिंदूपाशी फंक्शनला किंमत हवी, लिमिट हवी, दोन्ही सारख्या हव्यात. बिनचूक. मग हे फंक्शन दोनपाशी तुटलंय का? "हो, पेन उचलावा लागतो ना." पाठ केलेल्या अटी आणि मनातलं चित्र अशी वेगवेगळी राहतात. डेव्हिड टॉल आणि श्लोमो विनर यांनी १९८१ मध्ये याच दोन धड्यांना धरून हेच दाखवलं होतं: विद्यार्थी उत्तर देतो तो पुष्कळदा मनातल्या चित्रावरून, व्याख्या त्याला तोंडपाठ असली तरी.

मॅडम कागद उलटतात. "एसटीनं येतेस ना? टप्पा किती किलोमीटरचा?"

"सहा."

"मग अंतर आडवं घे, भाडं उभं घे. काढ."

मुलगी पायऱ्या काढते. सहापाशी डावीकडून एक उंची, उजवीकडून दुसरी. दोन्ही आलेखांवर ती पेन्सिल आळीपाळीनं टेकवते. बाहेर कुणीतरी दार ठोठावतं; मॅडम हातानंच थांबायला सांगतात. पुरं एक मिनिट जातं.

"मॅडम, पहिल्यात ठिपका वर नेऊन चारवर ठेवला तर जुळेल."

"आणि पायऱ्यांत?"

"तिथं कुठंही ठेवला तरी नाही जुळणार."

हे वाक्य तिच्या जर्नलमध्ये कुठंच नाही.

जिन्यापलीकडे शिक्षकांची खोली. टेबलावर दुसऱ्या घटक चाचणीचे गठ्ठे, एक सर तपासतायत. २५ गुणांचा पेपर. पहिला प्रश्न: एक्स वर्ग वजा चार, भागिले एक्स वजा दोन, एक्स दोनकडे जाताना लिमिट काढा. पानामागून पान, उत्तर चार. खाली पुरवणी प्रश्न: याच फंक्शनची दोनपाशी किंमत किती? पुन्हा चार, चार, चार. तिथं किंमतच नाही, शून्य भागिले शून्य होतं. वरखाली एक्स वजा दोन खोडताना एक्स दोन नाही हे गृहीत धरलेलं असतं, आणि खोडून झालं की तेच सगळ्यांत आधी विसरलं जातं. लाल पेन या एका ओळीवर अडतो, पुन्हापुन्हा अडतो.

एका पानावर साइन एक्स भागिले एक्स. क्लासमधून आलेलं लोपितालचं सूत्र, वरखाली डेरिव्हेटिव्ह घ्यायचं, दोन ओळींत उत्तर एक. सर पेन उचलून धरतात. गुण द्यायचे की नाही? साइनचं डेरिव्हेटिव्ह सिद्ध करताना हीच लिमिट आधी लागते. जे शोधायचंय त्याच्याच आधारानं ते शोधलंय. हे सूत्र १६९६ च्या पुस्तकातून आलं, तेव्हा लिमिटची आजची व्याख्या अस्तित्वातच नव्हती. १७३४ मध्ये बिशप बर्कलीनं या शून्य होत जाणाऱ्या राशींवर कडाडून हल्ला चढवला. गणितज्ञ कोशीचं लिमिटवर उभं असलेलं पुस्तक आलं १८२१ मध्ये, आणि वायरश्ट्रासनं व्याख्या पक्की केली ती त्याच्याही नंतर. मोठमोठ्या गणितज्ञांच्या पिढ्या जिथं अडखळल्या, तिथं सोळा वर्षांच्या मुलाचं बोट अडखळलं तर त्यात कमीपणा नाही.

भिंतीवर सीईटी प्रवेश परीक्षेचं वेळापत्रक चिकटवलंय. तिथं गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं. एका प्रश्नाला १०८ सेकंद. पन्नासातले साधारण १० प्रश्न अकरावीचे. चार पर्यायांतून एक निवडायचा. सूत्र आठवलं की काम होतं, आणि मुलं तेच आठवत व्हरांड्यात उभी असतात. त्यांचा दोष नाही. जे विचारलं जातं, त्याचाच अभ्यास होतो.

म्हणून गणिताचे पेपर काढणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती: पुढच्या चाचणीत २५ पैकी निदान ५ गुण अशा प्रश्नाला द्या, ज्यात एक आलेख आहे, आकडेमोड नाही आणि शेवटी "का?" विचारलंय. तपासायला वेळ लागेल. तो द्या.