बिघाड शोधायचा कसा? वायरकट मशीनने शिकवलेला निदानाचा धडा



डी.एड.ला आपण सगळ्यांनीच 'निदानात्मक चाचणी' पाठ केली, पेपरात लिहिलीही. पण निदान म्हणजे नक्की काय करायचं, हे मला नीट कळलं ते भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये.

माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा काही दिवस गप्प गप्प असायचा. गृहभेटीला गेले तेव्हा कारण कळलं. वडिलांनी कर्ज काढून जुनं वायरकट मशीन घेतलं होतं आणि ते चालतच नव्हतं. हप्ते मात्र सुरू झाले होते. पाहून गेलेल्या मेकॅनिकने सांगितलं होतं, "कार्ड गेलंय, नवीन टाकावं लागेल." खर्च ऐकून घरातल्यांचे चेहरे उतरले होते.

आधी हे मशीन काय करतं ते थोडक्यात सांगते. त्यात पितळेची बारीक तार असते, साधारण ०.२५ मिलिमीटर जाडीची. ही तार लोखंडाला न टेकता कापते. तार आणि जॉब यांच्यात केसापेक्षाही कमी फट असते. त्या फटीत दर सेकंदाला हजारो ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगी धातूचा एक कण वितळवून उडवते. भोवती क्षार काढलेलं पाणी फिरत असतं. ते गारवा देतं आणि कण वाहून नेतं. तार जॉबला टेकली तर ठिणगी पडत नाही, मशीन 'शॉर्ट' दाखवतं आणि थांबतं.

इथे अडचण अशी होती, की टेबलावर जॉब नसतानाही मशीन शॉर्टच दाखवत होतं!

शेजारच्या शेडमधले एक अनुभवी इलेक्ट्रिशियन काका आले. त्यांनी लगेच काहीच उघडलं नाही. आधी तिन्ही फेजचा व्होल्टेज मोजला, मग कंट्रोलचा २४ व्होल्टचा सप्लाय. दोन्ही बरोबर. मग मेन स्विच बंद करून थोडा वेळ थांबले. म्हणाले, "मॅडम, स्विच बंद केला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज साठलेला असतो. मीटर लावून खात्री केल्याशिवाय हात घालायचा नाही."

पुढे त्यांनी असं केलं:

१. तार काढली, टाकीतलं पाणी सोडलं. तारेला करंट देणारा कॉन्टॅक्ट आणि टेबल यांच्यात मीटर लावला. रोध खूप जास्त यायला हवा होता, आला जवळजवळ शून्य. म्हणजे दोष तारेचा नाही, पाण्याचाही नाही.

२. कार्डाकडून येणाऱ्या केबल सोडवल्या आणि मशीनच्या बाजूने पुन्हा मोजलं. तरीही शून्य! म्हणजे शॉर्ट कार्डात नव्हता, मशीनच्याच बाजूला होता.

३. वरचं हेड आणि खालचा आर्म वेगळे करून मोजले. वरचं ठीक, खालच्यात दोष.

४. खालचा आर्म उघडला. इन्सुलेशनच्या प्लेटमागे धातूच्या कणांचा काळा गाळ घट्ट बसला होता. करंट त्यातूनच टेबलाकडे जात होता.

गाळ साफ केला, भाग पूर्ण वाळवला, पुन्हा मोजलं. मग जोडणी करून मशीन सुरू केलं. शॉर्ट गेला! नवं कार्ड टाकलं असतं तर पैसे गेले असते आणि बिघाड तिथेच राहिला असता.

परत येताना मला माझा वर्ग आठवत होता. ६१२ ÷ ६ चं उत्तर एखादं मूल १२ लिहितं. आपण पटकन म्हणतो, "याला भागाकारच येत नाही." म्हणजे आपणही थेट कार्डच बदलायला निघतो! त्याऐवजी तपासून बघा. सहाचा पाढा येतो? येतो. वजाबाकी येते? येते. मग चुकतं कुठे? १ ला ६ ने भाग जात नाही, तेव्हा भागाकारात ० लिहायचा, एवढंच राहिलंय. गाळ तिथे आहे. अख्खा भागाकार पुन्हा शिकवायची गरज नाही. शून्याची एक पायरी पक्की केली की उत्तर १०२ येतं.

वर्गात घेण्यासाठी एक खेळ: १ ते १०० मधली एक संख्या मनात धरा. मुलांनी फक्त 'हो' किंवा 'नाही' उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. "५० पेक्षा मोठी आहे का?" असं दरवेळी निम्मं निम्मं करत गेलं, तर जास्तीत जास्त ७ प्रश्नांत संख्या सापडते. काकांनीही हेच केलं होतं. नंतर सेल, छोटा बल्ब आणि तारा देऊन मुद्दाम एक जोड सैल ठेवा आणि मुलांना दोष शोधू द्या. प्रयोग फक्त सेलवरच, घरातल्या प्लगला मुलांनी हात लावायचा नाही, हे आधी बजावा.

तो मुलगा आता पुन्हा बडबड करतो. परवा शेजारच्याचं गणित चुकलं तर म्हणाला, "थांब, आधी कुठे अडलंय ते बघू."

मला वाटतं, निदानाचा धडा त्यालाच सगळ्यात आधी समजला.