एका मुठीचा हिशेब



बचत गटांच्या एका मेळाव्यात आमच्या चटणी-मसाल्याच्या स्टॉलशेजारी मिझोरमच्या बायकांचा स्टॉल होता. शनिवारी रात्री त्यातल्या ताईंनी सगळा माल झाकून ठेवला आणि म्हणाल्या, "उद्या बंद." रविवार म्हणजे विक्रीचा सगळ्यात मोठा दिवस! मी म्हटलं, "ताई, नुकसान होईल की!" त्या हसल्या आणि मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या, "रविवार देवाचा."

मुक्कामाच्या ठिकाणी आम्ही एकत्रच स्वयंपाक करायचो. भाताला तांदूळ काढले की त्यातली एक मूठ ताई वेगळ्या पिशवीत टाकायच्या. घरी गेल्यावर ती पिशवी चर्चमध्ये द्यायची होती. परगावी आल्या तरी ती मूठ त्यांनी चुकवली नाही. आज त्या मुठीबद्दलच बोलणार आहे.

मिझोरममध्ये बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत आणि तिथलं सगळ्यात मोठं चर्च प्रेसबिटेरियन. हे नाव आपल्याला अगदीच परकं नाही. मिरजेचं वानलेस हॉस्पिटल अमेरिकेच्या प्रेसबिटेरियन मिशनच्या डॉक्टरांनी उभं केलं. मिझोरममध्ये हा पंथ आला तो वेल्समधून. 1897 मध्ये डी. ई. जोन्स हे वेल्श मिशनरी ऐझॉलला पोचले. प्रेसबिटर म्हणजे वडीलधारा. मंडळीतल्या लोकांनी निवडलेले वडीलधारे चर्चचा कारभार बघतात, म्हणून हे नाव.

रविवारी ऐझॉलची दुकानं बंद असतात. सकाळी संडे स्कूल भरते. नाव शाळेचं असलं, तरी वर्गात आजी-आजोबाही बसतात. नंतर उपासना, आणि रात्री पुन्हा. प्रार्थना, बायबलचं वाचन, प्रवचन, दान आणि भरपूर गाणं. गाण्याला साथ ढोलाची. मिशनरींच्या सुरुवातीच्या काळात ढोलाला चर्चमध्ये जागा नव्हती, पुढे मिझो लोकांनीच तो आत आणला. एका पास्टरकडे बऱ्याचदा अनेक गावांची चर्च असतात. म्हणून पास्टर नसले तरी उपासना अडत नाही. गावातलीच माणसं उभी राहतात आणि चालवतात.

आता मुठीकडे येऊ. मिझो भाषेत तिला 'बुहफाई थाम' म्हणतात, म्हणजे मूठभर तांदूळ. ही रीत 1910 मध्ये सुरू झाली. बायकांच्या हातात पैसा नव्हता, पण तांदळाचा डबा त्यांच्याच हातात होता. दर वेळी भात शिजवताना एक मूठ बाजूला काढायची. चर्चच्या महिला मंडळातल्या बायका घरोघर जाऊन तो तांदूळ गोळा करतात. मग तो विकला जातो आणि पैसे चर्चच्या कामाला लागतात. शंभर वर्षांत या मुठींची रक्कम वर्षाला कोटींच्या घरात गेली.

आपल्याकडेही हे झालेलं आहे, बरं का. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतली मुलं जेवावीत म्हणून घरोघरच्या बायकांनी मूठमूठ धान्य काढून ठेवलं. त्याला मुष्टिफंड म्हणत.

त्यांची रचनाही आपल्या ओळखीची वाटते. आपला गट, गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ. तिथे गावचं चर्च, अशा काही चर्चचा एक विभाग, त्यावर प्रेसबिटरी आणि सगळ्यांच्या वर सिनड. गावात गोळा झालेल्या मुठींचा हिशेब अशा पायऱ्या चढत वर जातो.

ताईंकडून हे ऐकलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या गटात एक ताई होती, शेतमजुरी करणारी. आमची बचत ठरलेली, महिन्याला दोनशे रुपये. पावसाळ्यात काम नव्हतं आणि तिचे तीन हप्ते चुकले. नियमाप्रमाणे दंड लागला. नोंदवहीत तो मीच लिहिला, माझ्या अक्षरात. चौथ्या बैठकीला ती आलीच नाही. "गट सोडला," असं तिने शेजारणीकडून कळवलं. नियमाप्रमाणे माझं काही चुकलं नव्हतं. पण ज्या बाईसाठी गट काढला, तीच बाहेर गेली.

मुठीचा गुण इथे आहे. ज्या घरात दोन पायल्या शिजतात त्या घरातूनही मूठ, आणि जिथे दोन वाट्या शिजतात तिथूनही मूठच. कुणाची मान खाली जात नाही. आणि चूल पेटेल तेव्हा ती निघते, म्हणून विसरत नाही.

या पावसाळ्यात आमच्या बैठकीत ठराव झाला. काम नसलेल्या महिन्यांत पैशाऐवजी धान्य चालेल. ते गटातच बाजारभावाने विकायचं आणि रक्कम तिच्या पासबुकात लिहायची. दंड नाही. त्या ताईच्या घरी मी स्वतः गेले. ती लगेच हो म्हणाली नाही. पुढच्या बैठकीला मात्र दाराशी येऊन बसली. अजून आत सरकलेली नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मिझोरमच्या ताईंना मी विचारलं, "तांदूळ तुम्ही गोळा करता, मग ठरवतं कोण?" त्या जरा थांबल्या. तिथे बायकांचं मंडळ मोठं आहे, कामाचं आहे. पण पास्टर आणि निवडलेले वडीलधारे परंपरेने पुरुषच राहिले. त्यांनी मलाच उलट विचारलं, "तुमच्या गटाचं कर्ज कशाला वापरायचं, ते घरी कोण ठरवतं?"

मैत्रिणींनो, मला चटकन उत्तर देता आलं नाही. येत्या बैठकीत नोंदवही उघडा. प्रत्येक कर्जापुढे एकच गोष्ट लिहा : हे कर्ज घ्यायचं कुणी ठरवलं? खरं ते लिहा, कुणावर रागवू नका. मूठ आपण काढतोच. ती कुठे जाते, हेही आपल्याला विचारता आलं पाहिजे.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.