पाच मीटरची गाडी, पाच माणसांची जागा

टोयोटाची इनोव्हा क्रिस्टा आणि हायलक्स पिकअप या एकाच घराण्यातल्या गाड्या. 2004 साली थायलंडमध्ये टोयोटाने आयएमव्ही नावाची मालिका सुरू केली आणि एकाच धाटणीच्या शिडीसारख्या चॅसीवर पिकअप, इनोव्हा आणि फॉर्च्युनर उभ्या केल्या. आपल्याकडे इनोव्हा 2005 मध्ये आली, फॉर्च्युनर 2009 मध्ये, आणि हायलक्स थेट 2022 मध्ये. आता मापं बघा. क्रिस्टाची लांबी 4,735 मिलिमीटर, हायलक्सची 5,325. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर क्रिस्टात 2,750 आणि हायलक्समध्ये 3,085. म्हणजे पिकअप जवळपास दोन फुटांनी लांब. तरीही क्रिस्टात सात-आठ माणसं बसतात आणि हायलक्समध्ये पाच.

आपल्या गावाकडच्या गाड्यांचा हिशोबही असाच आहे. चार मीटरच्या आत बसवलेली बोलेरो सात जणांना घेऊन जाते. तिचीच डबल केबिनवाली बहीण, बोलेरो कॅम्पर, 4.86 मीटर लांब आणि ड्रायव्हर धरून पाच जणांची.

संपादकांनी मला या गाड्यांमागे धाडलं ते एका साध्या प्रश्नासाठी. निफाड-दिंडोरीचे द्राक्षबागायतदार, लासलगावचे कांदा व्यापारी, कोकणात हॉटेल चालवणारे, गावोगावचे ठेकेदार, या सगळ्यांच्या दारात आता डबल केबिन दिसते. आठवडाभर माल आणि रविवारी घरची माणसं, असा दुहेरी संसार एका गाडीवर चालवायचा असतो. तो चालतो का? मागच्या सीटवर घरच्यांना नाशिकहून कोल्हापूरला नेता येतं का?

पिकअपचं आणि घरगुती गाडीचं नातं महाराष्ट्राला नवं नाही. टेल्कोने 1988 मध्ये टाटामोबाइल 206 ही पिकअप आणली, तेव्हा ती कंपनी फक्त ट्रक-बसवाली म्हणून ओळखली जायची. त्याच पिकअपच्या पायावर 1991 मध्ये सिएरा आली, 1992 मध्ये इस्टेट आणि 1994 मध्ये सुमो, जिचं नाव कंपनीचे प्रमुख राहिलेल्या सुमंत मुळगावकरांच्या नावातून घेतलं. एका पिढीने लग्नाची वऱ्हाडं, देवदर्शन आणि माहेरपण ज्या सुमोतून केलं, तिच्या पोटात पिकअपची हाडं होती. पण ती घरगुती गाडी झाली ती हौदा काढून टाकल्यावर. हौदा ठेवून घरगुती होणं हे वेगळं आणि फार अवघड काम आहे.

ते अवघड का, हे मला कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा नाशिकमध्ये द्वारका चौकाच्या बाजूला गल्लीत दुकान असलेल्या एका कुशनवाल्या चाचांनी जास्त नीट समजावलं. त्यांचं काम सीटकव्हर शिवण्याचं, पण त्यांच्याकडे डबल केबिनवाले येतात ते कव्हरासाठी नव्हे. ‘घरच्यांची पाठ दुखते’ म्हणून येतात.

मी गेले तेव्हा एका पिकअपची मागची सीट काढून दुकानासमोर फरशीवर ठेवली होती. रिकाम्या केबिनमध्ये चाचांनी मला डोकवायला लावलं. मागे सरळसोट पत्र्याची भिंत, वर काच. ‘हात लावा ताई. याच्यामागं काय आहे?’ मागे चार बोटांची फट आणि तिच्यापलीकडे हौद्याची भिंत. खड्ड्यातून, बांधावरून जाताना चॅसी पिळते. केबिन आणि हौदा सलग असते, तर पत्रा सुरकुतला असता किंवा फाटला असता. म्हणून दोन्ही चॅसीवर वेगवेगळे बसवतात आणि मध्ये मोकळी जागा सोडतात. त्यामुळे केबिनची मागची भिंत हलत नाही, वाकत नाही, थोडीसुद्धा मागे जात नाही.

मग केबिनच अख्खी मागे वाढवली तर? तर हौदा मागे जातो आणि त्यातला माल मागच्या आसाच्या पलीकडे लटकू लागतो. पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हातात राहत नाही. म्हणून डबल केबिनमध्ये हौदाच कापून साधारण दीड मीटरवर आणतात. त्याहून कापला तर शेतकरी विचारणार, कॅरेट ठेवू कुठे? किंवा मग चाकांमधलं अंतर वाढवा. ते वाढवलं की गल्लीत वळताना दोनदा मागेपुढे घ्यावी लागते. या सगळ्या ओढाताणीत शेवटी ज्याचं कोणी ऐकत नाही ते म्हणजे मागच्या सीटची पाठ. ती सरळ उभी राहते.

गुडघ्याला जागा आहे की नाही हे सगळे विचारतात, शोरूममध्ये मूठ धरून मोजतातही. चाचांचं म्हणणं, गुडघा नंतर, आधी पाठ. कारमध्ये बसल्यावर आपलं धड साधारण 25 अंश मागे कललेलं असतं. पिकअपच्या मागच्या बाकावर ते बरंच उभं राहतं, आणि मग मान आणि कंबर शरीराचं वजन तोलत बसतात. अर्ध्या तासात कळत नाही. दोन तासांनी कळतं.

यावरचा त्यांचा इलाज मी जवळून बघितला. पाठ मागे कलवता येत नाही, कारण मागे भिंत आहे. म्हणून ते पाठीचा खालचा भाग पुढे घेतात. पाठीची उंची 60 सेंटिमीटर धरली आणि तिला 10 अंश जास्त कल द्यायचा म्हटला, तर खालचं टोक साधारण 10 सेंटिमीटर पुढे यावं लागतं. हे 10 सेंटिमीटर कुठून येणार? गुडघ्यातून. चाचा गणित मांडत नाहीत, बोटं मांडतात. मालकाला मागे बसवतात, पुढची सीट त्याच्या ड्रायव्हरच्या उंचीला लावतात आणि गुडघा व पुढच्या सीटच्या मध्ये आडवी बोटं घालून बघतात. चार बोटं गेली तर दोन पाठीला देतात. दोनच गेली तर सरळ सांगतात, कव्हर शिवून देतो, बाकी काही होणार नाही.

मग बैठकीचं काम. पिकअपमध्ये पायाखालची जमीन उंच असते, कारण तिच्याखालून चॅसीचे दोन जाड रूळ गेलेले असतात. सीट मात्र छतामुळे तितकी उंच घेता येत नाही. त्यामुळे गुडघे वर येतात, मांडी हवेत राहते आणि सगळा भार माकडहाडावर येतो. चाचा बैठकीच्या पुढच्या बाजूला कडक फोमची पट्टी वाढवतात आणि मागच्या बाजूचा फोम लांब पात्याच्या सुरीने थोडा तासून काढतात. माणूस जरा मागे घसरून बसतो, मांडीला आधार मिळतो. सुरी चालवताना त्यांची नजर एका जागेवरून हटत नव्हती. सीटबेल्टचं कुलूप जिथून वर येतं ती खाच. फोम वाढवला की ते कुलूप आत दबतं, मग लोक बेल्ट लावायचा कंटाळा करतात. तिथे त्यांनी फोम दोनदा कापला, बेल्ट लावून बघितला, पुन्हा कापला. त्यांना हे कोणी सांगितलेलं नव्हतं आणि त्याचे पैसेही वेगळे मिळत नव्हते. मला त्या माणसाबद्दल मनापासून आदर वाटला.

दुपारी गाडीचे मालक आपल्या आईला घेऊन आले. त्या नऊवारीतल्या, सत्तरीच्या. त्यांचं चढणं बघितलं आणि जागेचा प्रश्न दाराबाहेरच सुरू होतो हे लक्षात आलं. पायदानावर एक पाय, दाराच्या खांबावरच्या मुठीला हात, मग कासोटा सांभाळत अंग वर ओढायचं. मागचं दार आखूड, त्यामुळे पाऊल तिरपं करून आत घ्यावं लागतं. त्या बसल्या, दोन्ही तळवे बैठकीवर टेकवून बघितले आणि मुलाला म्हणाल्या, ‘बाळा, आता टेकता येतंय.’ मधल्या जागेवर नातू बसणार होता. त्याच्या पायाशी उंचवटा, म्हणून पाय दोन्हीकडे फाकवून.

एका बाबतीत मात्र पिकअपच्या मागच्या सीटची बाजू घेतली पाहिजे. ती दोन्ही आसांच्या मध्ये असते. सात सीटच्या गाडीत तिसऱ्या रांगेतला माणूस जवळजवळ मागच्या चाकावर बसतो आणि प्रत्येक गतिरोधक त्याच्या अंगात शिरतो. पिकअपमध्ये तसं होत नाही. धक्के बसतात ते मागे पाटे असतात म्हणून. ते मालाच्या वजनासाठी घडवलेले, रिकाम्या हौद्याला ते उसळवतात. बरेच ड्रायव्हर घरच्यांना नेताना हौद्यात वाळूची दोन-चार पोती टाकतात. गाडी शांत चालते, पण ती पोती बांधून ठेवायला हवीत.

लहान मुलांची सीट हा आणखी एक पेच. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात डबल केबिन हीच पुष्कळ घरांची एकमेव गाडी असते, आणि तिथल्या मराठी घरांतही ती आता दिसते. मेलबर्नच्या माझ्या मावसबहिणीने फोनवर व्हिडिओ लावून तिची कसरत दाखवली. मुलाच्या सीटचा वरचा पट्टा कारमध्ये मागे कुठेतरी हुकात अडकवता येतो. पिकअपमध्ये मागे भिंत. म्हणून पट्टा सीटच्या पाठीमागच्या एका कापडी फासातून ओवायचा आणि बाजूच्या सीटमागच्या अडकवणीला लावायचा. पाठ पुढे पाडायची, हात कोपरापर्यंत आत घालायचा, चाचपत हुक लावायचा, पाठ पुन्हा बसवायची. तान्ह्या बाळाची मागे तोंड करून लावायची सीट बसवली, तर पुढच्या माणसाला आपली सीट पुढे ओढावी लागते. तिचे यजमान उंच आहेत. लांबच्या प्रवासात ते गुडघे डॅशबोर्डला लावून बसतात. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालआसनाशिवाय नेलं तर 1,000 रुपये दंड आहे, तेव्हा हा पेच आपल्या दारातही उभा आहे.

यावर काहीच उपाय नाही असं नाही. होंडाने रिजलाइन ही पिकअप शिडीच्या चॅसीवर न बांधता कारसारखी एकसंध बांधली. तिच्या मागच्या सीटला पाय ठेवायला 36.7 इंच मिळतात, टोयोटाच्या टकोमा डबल कॅबमध्ये 33.7. या 3 इंचांची किंमत ओढण्याच्या ताकदीत मोजावी लागते. रिजलाइन जास्तीत जास्त 5,000 पौंड ओढते, टकोमा साडेसहा हजारांच्या आसपास. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या या दोन्ही गाड्या आपल्याकडे मिळत नाहीत. आपल्याकडचा ग्राहक टनभर कांदा भरणार आहे हे धरूनच इथल्या गाड्या बनतात.

तेव्हा चार माणसांच्या घराला डबल केबिन पुरते. पाठ नीट करून घेतली, तर लांबच्या प्रवासालाही पुरते. माझी काळजी सहाव्या माणसापासून सुरू होते. आपल्या घरांत आजी-आजोबा असतात, भाऊ-भावजय असतात, ऐनवेळी निघालेली आत्या असते. केबिन भरली की मागे रिकामा हौदा दिसतो, फाळका पाडला की सहज चढता येतं, आणि कोणीतरी म्हणतं, ‘बसू की मागं.’ तिथे सीट नाही, बेल्ट नाही, डोक्यावर छत नाही. गाडी कलंडली तर धरायला कडेचा पत्रा.

ऑगस्ट 2025 मध्ये, श्रावणी सोमवारी, खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायकांची पिकअप चढावर मागे येऊन दरीत कोसळली. एकाच गावातल्या कितीतरी घरांतल्या बायका त्या दिवशी गेल्या. मजुरांच्या, वऱ्हाडांच्या, दिंड्यांच्या अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

आणि कायदा अशा वेळी कुटुंबाच्या पाठीशी उभा राहत नाही. इसुझूच्या व्ही-क्रॉससारखी गाडी खासगी म्हणून नोंदवता येते, त्याच कंपनीची एस-कॅब मालवाहू म्हणून विकली जाते. मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्यात 1994 च्या दुरुस्तीनंतर मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी धरला गेला. फुकट बसवलेली माणसं धरलेली नाहीत. आशा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2002 मध्ये हे स्पष्ट केलं, मालवाहू गाडीतल्या अशा प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. काही प्रकरणांत न्यायालयं कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात आणि ती मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. म्हणजे ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याच्याच जमिनीवर बोजा चढू शकतो. गाडी घेताना हप्त्याचा हिशोब सगळे करतात. हा हिशोब विक्रेता सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

चाचांकडेही ही मागणी येते. हौद्यात दोन्ही बाजूंना बाक बसवा, वर कमानी आणि ताडपत्री लावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाला सोडून असा फेरफार करता येत नाही, पण गल्लीत करून देणारे आहेत. चाचा देत नाहीत. त्या दिवशी आलेल्या मालकांनीही हळूच विचारून बघितलं, दिवाळीला सगळ्यांना सप्तशृंगीला न्यायचंय म्हणून. सहा मोठी माणसं आणि दोन मुलं. चाचांनी शिवणयंत्रावरून मान वर न करता सांगितलं, ‘पाच जण गाडीत न्या, बाकीच्यांना एसटीनं पाठवा. वणीला गाड्या भरपूर आहेत.’ आई आतून म्हणाल्या, ‘मी एसटीनंच जाते. माझं अर्धं तिकीट आहे.’