ट्यूनर बदलताय? आधी नट बघा!

मागच्या गणपतीत रोह्याला एका मंडळासमोर वाजवत होतो. दुसऱ्याच गाण्यात माझी जीची तार उतरली, गायक बघतच राहिला. पेणला घरी पोचेपर्यंत ठरवलं, ट्यूनर बदलायचे. ट्यूनर म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या.

पण थांबा, आधी नट तपासा. नट म्हणजे गिटारच्या मानेच्या टोकाची खाचा असलेली पट्टी. ट्यून करताना 'टिक' आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारतो? मग तार खाचेत अडकतेय. खाचेत शिसपेन्सिल घासा. माझा अर्धा त्रास तिथेच संपला.

उरलेला अर्धा खुंट्यांचा. त्या ढिल्या झाल्या होत्या, तारही घसरत होती. म्हणून लॉकिंग ट्यूनर घेतले. त्यात तार खुंटीतच आवळली जाते. दोन-तीन वेढ्यांऐवजी अर्धा वेढा पुरतो. वेढे कमी, घसरणं कमी.

खोक्यावर 18:1 दिसेल. म्हणजे कान 18 वेळा फिरवला की खुंटी एकदा फिरते. त्याने सूर बारीक लावता येतो, पण टिकतोच असं नाही.

ऑर्डरआधी तीन गोष्टी बघा: हेडस्टॉकचं भोक (आजकाल बहुधा 10 मिमी, व्हिंटेज पद्धतीत लहान), मागच्या स्क्रूंची जागा, आणि सहा खुंट्या एका बाजूला की तीन-तीन. जमत नसेल तर घाईत ड्रिल मारू नका, लाकूड परत येत नाही.

यंदा त्याच मंडळाने परत बोलावलंय. पेन्सिल खिशात असेलच!