वारली चित्रात हात कसा बसतो

वारली चित्र पाहिले की पुष्कळांना वाटते, यात अवघड ते काय? दोन त्रिकोण, एक वाटोळे डोके, चार काड्या, झाला माणूस! पण एकदा बांबूची काडी हातात घेऊन बसा बरे. पहिला माणूस पडल्यासारखा दिसतो, दुसरा खुंटासारखा ताठ उभा राहतो.

पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे कुडाच्या भिंती शेणमातीने सारवतात, वर गेरूचा हात देतात. तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे, बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ करायचे, की झाले सामान. लग्नघरी सवाशिणी पालघट देवीचा चौक काढतात. शेजारी बसलेल्या पोरींचा डोळा तिथेच तयार होतो. पूर्वी हे काम बायकांचेच. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी मात्र लग्नकार्याची वाट न पाहता रोज चित्रे काढायचा परिपाठ ठेवला. १९७०नंतरच्या दशकात त्यांची चित्रे कागदावर आली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी काढलेले मासे धरण्याचे जाळे नीट पाहावे. बारीक, सारख्या अंतराच्या शेकडो रेघा! हे कसब रोजच्या सरावाचे.

आता गुरुजींसाठी थोडे. हल्ली स्पर्धा आली की पुठ्ठ्याचा साचा कापून मुलांकडून माणसे उमटवून घेतात. चित्र झटपट होते, भिंत शोभते, पण मुलाचा हात होता तिथेच राहतो. साचा दूर ठेवा. आठवडाभर पाटीवर नुसत्या रेघा काढू द्या, त्याही बोटांनी नव्हे, सबंध हात फिरवून. मग कंपासाशिवाय वर्तुळे. ती वाकडी येतील, येऊ द्या.

त्रिकोणांची खरी गंमत कमरेपाशी आहे. वरच्याचे टोक खाली, खालच्याचे वर, आणि दोन्ही टोके जिथे भेटतात तिथे सारा जीव. वरचा त्रिकोण थोडा पुढे कलवला की माणूस चालू लागतो. जवळजवळ आडवा केला की बाई भातलावणीला वाकते. म्हणून मुलांना आधी शेतावर न्या, वाकलेली पाठ पाहू द्या, मग काडी हातात द्या. तारप्याचा नाच काढायचा तर मध्ये तारपेवाला, त्याच्याभोवती गुंडाळत जाणारी हलकी रेघ, तिच्यावर आधी सगळी डोकी. नाहीतर शेवटच्या नाच्यांना जागा उरत नाही!

पिठाबद्दल एक ध्यानात ठेवा. ओले असताना रेघ फिकी दिसते, वाळली की पांढरी उमटते. म्हणून घाईने दुसरा हात देऊ नये, रेघ जाड होऊन बसते. पातळ झाले तर ओघळते. कागदावर काढताना थोडा डिंक घालावा. आणि कालवायचे ते त्या दिवसापुरतेच; दुसऱ्या दिवशी पीठ आंबते.